आवाजांची सेवाज्येष्ठता

फ्लॅट बघायला गेलेला माणूस नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, पार्किंगमध्ये गाडी वळते का ते बघतो, मोबाइलमधलं होकायंत्र काढून स्वयंपाकघराची दिशा बघतो. शेजारच्या भिंतीतून काय ऐकू येतं, हे कोणी बघत नाही. ते ताबा मिळाल्यावर आपोआप कळतं. भिंतीला कान लावावाही लागत नाही.

कायद्यानं पाहिलं तर आपल्या वाट्याला पुष्कळ शांतता आलेली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. हे आकडे गणपतीच्या सुमारास वर्तमानपत्रात येतात आणि मूर्तीबरोबर विसर्जित होतात. पण मिरवणूक वर्षातून एकदा. सोसायटीतला आवाज बारमाही असतो, खासगी असतो आणि वेळेचा पक्का असतो. आमच्या वरच्या मजल्यावर पावणेसहाला स्टीलचा तांब्या पडतो. रोज पडतो. कायद्याच्या दृष्टीनं ती अजून रात्रच असते, पण तांब्याला कोण सांगणार?

बाकीच्या आवाजांनी दिशा वाटून घेतल्या आहेत. वरून टाचा येतात. काही कुटुंबं पावलानं चालतात, आमच्या वरचं कुटुंब टाचेनं चालतं. त्यांच्याकडे लहान मूल नाही, तरी रात्री ११ वाजता गोट्या घरंगळतात. विचारलं तर म्हणाले, "आम्हीही वरच्यांना हेच विचारणार होतो." डावीकडून मालिका येते. संवाद भिंतीत अडतात, पण सासूनं मान वळवली की होणारा 'धडाडधूम' तेवढा पार होतो. उजवीकडून कुकर. त्यांच्या शिट्ट्या मोजायचं काम आता आमच्याकडेच आहे. मधूनमधून "वहिनी, चार झाल्या" असं गॅलरीतून कळवावं लागतं. बाथरूमच्या डक्टमधून कोणीतरी आंघोळ करताना गातं. ध्रुवपद झालं की पाणी संपतं. अंतरा आजवर कोणी ऐकलेला नाही. खालून गाड्यांची रिव्हर्सची धून येते. आणि लिफ्ट. दार उघडं राहिलं की ते बंद करण्याची हिंदीतून विनंती करते. इमारतीतला सर्वांत सभ्य आवाज तोच.

गंमत अशी की यातलं कोणीही आवाज करत नसतं. सगळे कामं करत असतात. आपण मिक्सर लावतो तो चटणीसाठी. शेजारी लावतात तो आपल्याला उठवण्यासाठी. आपला मुलगा तबल्याचा रियाज करतो, त्यांचा बडवतो. रविवारी दुपारी आपण ड्रिल चालवलं तर देवाचा फोटो लावायचा असतो. त्यांनी चालवलं तर ते बहुधा इमारत पाडायला निघालेले असतात.

अशा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ५०३ मधून एक व्हिडिओ आला. अमेरिकेतलं लाकडी घर, पांढऱ्या पोशाखातला एक माणूस, हातात पाइप जोडलेली बंदूक. तो भिंतीवर काहीतरी फवारतो आणि बघता बघता भिंत फुगते. खाली ओळ होती, 'हे मारलं की आवाज येत नाही. आपल्याकडे मिळतं का?' तासाभरात कोणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीचा पीयू फोमवाला निघाला, आणि रविवारी तो सोसायटीच्या ऑफिसात नमुने घेऊन हजर झाला.

त्यानं एक डबा आणला होता. आतून सगळीकडून फोम. त्यात त्यानं स्वतःचा मोबाइल ठेवला, गाणं लावलं, झाकण बंद केलं. गाणं बंद. झाकण उघडलं, गाणं सुरू. पुन्हा बंद केलं. कमिटीचे सभासद हरखले. सेक्रेटरींनी स्वतः दोनदा झाकण उघडून बंद करून पाहिलं. मागच्या खुर्चीवर तळमजल्यावरचे काका बसले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. सगळी नोकरी पाणी अडवण्यात गेलेली. ते म्हणाले, "छान आहे. पण आमच्या शेजाऱ्यांना या डब्यात बसवायचं कसं?"

फोमवाला माणूस चांगला होता. त्यानं सगळं नीट समजावलं. दोन पिंपं असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल. दोन्ही गरम होऊन वेगवेगळ्या नळ्यांतून येतात, बंदुकीच्या तोंडाशी एकमेकांना भेटतात आणि काही सेकंदांत फुगतात. त्यातला 'ओपन सेल' म्हणजे मऊ, दाबला की दबणारा, शंभर पटींच्या आसपास फुगणारा. 'क्लोज्ड सेल' म्हणजे टणक; तो उष्णता अडवायला उत्तम, कोल्ड स्टोरेजवाले त्याला पफ म्हणतात. आवाजासाठी घ्यायचा तर मऊ. फवारणी करणारा मास्क लावणार आणि घरच्यांनी साधारण २४ तास बाहेर राहायचं.

"म्हणजे २४ तास तरी शांतता नक्की," ३०१ मधल्या काकू म्हणाल्या.

या पदार्थाचा इतिहासही ऐकण्याजोगा आहे. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेन इथे ओट्टो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन, म्हणजे हाच पीयू, पहिल्यांदा तयार केलं. पुढे मिश्रणात पाणी गेलं, वायू तयार झाला आणि सगळं भोकाभोकांचं झालं, तेव्हा त्याला नकली स्विस चीज म्हणून हिणवलं गेलं. आज तेच चीज आपल्या गादीत आहे, सोफ्यात आहे, गाडीच्या सीटमध्ये आहे आणि फ्रिजच्या भिंतींत ठासून भरलेलं आहे. म्हणजे फोम आपल्या घरात केव्हाच आलेला आहे. पण फ्रिज तरी कुठे गप्प बसलाय?

फोमवाल्याचं झाल्यावर काकांनी खुर्ची पुढे ओढली. ती ओढण्याचा आवाज वर ३०१ पर्यंत गेला असणार.

"आवाज शोषणं वेगळं आणि आवाज अडवणं वेगळं," काका म्हणाले. "तुमच्या डब्यात आवाज घुमत नाही, हे फोमचं काम. बाहेर येत नाही, ते बऱ्याच अंशी घट्ट झाकणाचं."

यातलं शोषणं समजून घ्यायला एका माणसाच्या कित्येक रात्री खर्ची पडल्या आहेत. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात नवं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात बोललेलं कोणाला कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोवर वक्ता पुढच्या वाक्यात. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे प्रकरण सोपवलं. त्यानं जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकीच्या उश्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत उश्या जागेवर नेऊन ठेवायच्या. मऊ वस्तू खोलीतला घुमारा खाते, हे त्या उश्यांनी सिद्ध झालं. पण सबाइनला खोलीतला आवाज खोलीतच आवरायचा होता. आम्हाला वहिनींचा कुकर वहिनींकडे ठेवायचा होता.

"त्याला वजन लागतं," काका म्हणाले. "तुमचा मऊ फोम घनमीटरला ८ किलो. काँक्रीट २४०० किलो. तीनशे पट. आता आवाजानं कोणाला घाबरावं?"

शिवाय वजनाचा हिशोबही कंजूष आहे. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर पलीकडे जाणारा आवाज जेमतेम ५-६ डेसिबलनं उतरतो, आणि कानाला तो निम्मा वाटायचा तर १० डेसिबल उतरायला हवा. वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतींना हे जमत होतं. आम्हाला बिल्डरनं ४ इंची विटेची नाही तर सिपोरेक्सची भिंत दिली आहे. सिपोरेक्स हलका, भराभर रचला जातो, स्लॅबवर भार कमी येतो. आवाजही त्यातून भराभर जातो.

मग अमेरिकेत फोम चालतो कसा? तिथली घरं लाकडी सांगाड्याची. दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्ड आणि मधे पोकळी. त्या पोकळीत मऊ फोम भरला तर थोडा फायदा होतो, बारीकसारीक फटी बुजतात हा आणखी एक फायदा. टणक फोम भरला तर तो दोन्ही बोर्डांना घट्ट जोडून टाकतो आणि आवाजाला मधून जायची सोयच होते. आमच्या भिंतीला पोकळीच नाही. म्हणजे फोम वरून मारायचा. तो पेट घेतो म्हणून आणि दिसायला वाईट म्हणून त्यावर पुन्हा बोर्ड लावायचा. आणि एका भिंतीला तीन-चार इंच खोली गमवायची. ही गेलेली जागा बिल्डरच्या दरानं स्क्वेअर फुटात मांडल्यावर सभेत जी शांतता पसरली, तशी फोमनंही पसरली नसती.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाच्याच्या घरी या फोमच्या भिंती आहेत. व्हिडिओ कॉलवर तो म्हणतो, "मामा, तुमच्याकडे किती आवाज आहे!" त्याच्याकडे खरंच काही ऐकू येत नाही. पण त्याचं सर्वांत जवळचं शेजारघर हिरवळीच्या पलीकडे आहे. एवढी हिरवळ मधे असली तर आम्हीही फोमशिवाय सुखी झालो असतो.

फोमवाला आता नमुने गोळा करायला लागला होता. पण काका न्यायी माणूस. "दोन ठिकाणी तुझा माल चालेल," ते म्हणाले.

पहिली जागा फटीची. फटींशी काकांचं नोकरीतलं वैर. दार ७ फूट उंच. त्याच्याखाली पाऊण इंच फट राहिली तर ती दाराच्या जवळजवळ एक टक्का झाली. आणि एक टक्का जागा उघडी असली की दार सागवानी असो की तिजोरीचं, ते साधारण २० डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही. उरलेल्या ९९ टक्के सागवानाचे पैसे मग शोभेचे. खिडकीच्या चौकटीभोवतीची पोकळी, एसीच्या पाइपचं भोक, केबलवाल्यानं पाडलेलं आणि दुसऱ्या केबलवाल्यानं न वापरता शेजारी नवीन पाडलेलं भोक, ही सगळी आवाजाची राजरोस दारं. ती बुजवायला फवाऱ्याचं यंत्रही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात फोमचा डबा मिळतो. तो नळीनं फटीत सोडायचा आणि अर्धी फट भरली की थांबायचं, कारण उरलेली तो स्वतः भरतो. आमच्याकडे कोणीच थांबत नाही. ४०१ च्या खिडकीच्या चौकटीतून बाहेर आलेला पिवळा गोळा आता चांगला कडक झाला आहे आणि त्यावर पारव्यानं घर मांडलंय. पारवे पहाटे साडेपाचला उठतात.

दुसरी जागा गच्चीवरचा पत्रा. पावसाळ्यात गळती नको म्हणून गच्चीवर पत्र्याची शेड टाकली आणि जूनच्या पहिल्या सरीला सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या लोकांनी कानात बोळे घातले. पत्रा पातळ, एकेका थेंबानं थरथरतो. त्याला खालून फोम चिकटवला की त्याची थरथर तिथल्या तिथे मरते. इथे फोम खरोखर कामाचा आहे, आणि वर दुपारचं ऊनही अडवतो. हे काम कमिटीनं एकमतानं मंजूर केलं आणि पैसे कोणी द्यायचे यावर पुढच्या सभेपर्यंत तहकूब केलं. खालच्या मजल्यांचं म्हणणं, पाऊस आमच्या डोक्यावर वाजतच नाही.

तरीही ४०२ मधल्या गृहस्थांनी हिंमत केली. बेडरूमला फोम, त्यावर डबल बोर्ड, खिडकीला दुहेरी काच, दाराला रबरी पट्टी. खर्च त्यांनी सांगितला नाही, पण दिवाळीची सहल यंदा सिंहगडावर गेली. काम झाल्यावर त्यांनी आम्हाला मुद्दाम खोली दाखवायला बोलावलं. दार लावलं. खरोखर, मालिकेतली सासू गेली, रिव्हर्सची धून गेली, लिफ्टची विनंती गेली. आम्ही माना डोलावल्या.

आठवडाभरात त्यांचा चेहरा उतरला. आधी त्यांना भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. घड्याळ हॉलमध्ये नेलं. मग इन्व्हर्टरची गुणगुण. तो गॅलरीत नेला. मग त्यांच्या बायकोला कळलं की नवरा घोरतो. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, पण आजवर ते श्रेय शेजारच्या जनरेटरला जात होतं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे तांब्या. तो भिंतीतून येतच नव्हता. तो स्लॅबमधून येत होता. पूर्वी तो दहा आवाजांच्या गर्दीत पडायचा. आता पावणेसहाला त्याची स्वतंत्र मैफल असते. खिडकी बंद म्हणून रात्रभर एसी लावावा लागतो, आणि त्याचं बाहेरचं यंत्र ४०१ च्या पारव्याशेजारी घरघरतं. ४०१ वाले आता फोमवाल्याचा नंबर मागताहेत.

आवाजांची एक सेवाज्येष्ठता यादी असते. वरचा निवृत्त झाला की खालच्याला बढती मिळते. पद रिकामं राहत नाही.

हे लंडनमध्ये थॉमस कार्लाइलला १८५३ साली कळलं. शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पलीकडचा पियानो यांनी हा थोर इतिहासकार टेकीला आला आणि त्यानं चेल्सीतल्या आपल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, उजेडाला फक्त वरून झरोका असलेली एक बिनआवाजी खोली बांधून घेतली. कोंबडे दबले आणि त्यांच्या जागी नदीवरच्या बोटी आणि आगगाडीच्या शिट्ट्या रुजू झाल्या. ती घरातली सर्वांत गोंगाटाची खोली ठरली. कोंबड्यांचा प्रश्न शेवटी मिटवला तो त्याच्या बायकोनं, शेजाऱ्यांशी बोलून. पॅरिसमध्ये मार्सेल प्रूस्तनं १९१० साली बेडरूमच्या भिंतींना बुचाचं आवरण लावून घेतलं. वरच्या मजल्यावर अमेरिकन दंतवैद्य राहायचा, तिथली ठोकाठोक बुचाला जुमानेना. प्रूस्त मग दंतवैद्याच्या बायकोला अत्यंत गोड भाषेत पत्रं लिहीत राहिला. ती पत्रं पुढे पुस्तकरूपानं छापली गेली. आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीत तेवढं साहित्य आहे, भाषा मात्र तितकी गोड नाही.

वरच्या मजल्याचा आवाज खालच्या छताला काही फासून जात नाही, हे प्रूस्तनं आणि आमच्या ४०२ नं आपल्या खर्चानं सिद्ध केलेलं आहे. तो वरच्या फरशीवरच थांबवावा लागतो. खुर्चीच्या पायाला रबरी बूच, मिक्सरखाली जाड पॅड, टाचेखाली सतरंजी. म्हणजे शांतता माझ्या घरात हवी आणि काम त्यांच्या घरात करायचं. यंदा संक्रांतीला आम्ही वर तिळगूळ घेऊन गेलो, सोबत रबरी बुचांची दोन पाकिटं. त्यांनी हसून घेतली. वरच्या काकू म्हणाल्या, "अय्या, आम्हीही वरच्यांसाठी आणूनच ठेवलीत!" खुर्च्या आता ओढल्या जात नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. त्यामुळे त्यांच्या झोपाळ्याची कडी किती कोरडी झाली आहे, ते आम्हाला नीट समजलं.

तेव्हा पद रिकामं राहणार नसेल, तर त्यावर माणूस आपणच नेमावा. मोठा, एकसुरी, कशाचाच अर्थ नसलेला आवाज बारक्या आवाजांना झाकतो. परदेशातल्या कचेऱ्यांत एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून छतात स्पीकर बसवून अशी एकसुरी सळसळ मुद्दाम सोडतात आणि तिची बिलं भरतात. महाराष्ट्रानं हा शोध केव्हाच लावलेला आहे. पौष महिना, खिडक्या बंद, अंगावर दोन गोधड्या, नाकाचा शेंडा गार आणि डोक्यावर फॅन पाचवर. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. "थंडी नाही वाजत?" असं ते विचारतात. वाजते. पण तांब्या वाजत नाही.

आमचा फॅन गेले काही दिवस घर्र घर्र करतो. इलेक्ट्रिशियन स्टूलवर चढला, पातं हलवून पाहिलं आणि म्हणाला, "काका, बेअरिंग गेलंय. बदलून देतो, अजिबात आवाज येणार नाही."

त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.